कोऱ्या तुकड्याची साक्ष

“आधी साक्षीदाराला विचार. तो काय म्हणतो ते ऐक आणि मगच बाकीच्यांकडे वळ.”

देल्मीराला हे काम शिकवणाऱ्या इसोलिनाने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इसोलिनाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण सूक्ष्मदर्शकावर डोळे टेकले की तिचा किंचित घोगरा आवाज देल्मीराच्या कानाशी आल्यावाचून राहत नसे. साक्षीदार म्हणजे प्लास्टिकचा कोरा तुकडा. बाकीच्या तुकड्यांबरोबर एकाच तावातून कापलेला, त्यांच्याच बरोबर गरम कॉस्टिक सोड्यात बुडवलेला. फक्त निर्वात पेटीत कधीच न गेलेला. त्याने गप्प बसायचं असतं. त्याचं काम तेवढंच.

त्या सोमवारी तो गप्प नव्हता.

“नेस्तोर, जरा इकडे ये.”

“येर्बा भिजतेय माझी.”

“भिजू दे. ये म्हणते ना.”

नेस्तोर येर्बाचा, म्हणजे त्या कडू चहाचा, पोकळ भोपळा हातात घेऊनच आला. पंप, नळ्या, पेटी हे त्याचं खातं. रविवारी त्याचा संघ हरला होता, त्यामुळे दाढी केलेली नव्हती. त्याने वाकून पाहिलं.

“खड्डे आहेत. बारीक बारीक. मग?”

“हा साक्षीदार आहे.”

“मग तुकडे उलटसुलट केले असशील. म्हातारी झालीस, देल्मीरा.”

“तू झालास. कोपरा कापलाय बघ त्याचा. साक्षीदाराचाच कापते मी.”

नेस्तोरने पुन्हा वाकून पाहिलं. मग भोपळ्यातली नळी एकदा चोखली आणि म्हणाला, “बासुआल्दोला कोण सांगणार?”

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. पेटीत एका चकतीवर जड धातूचा ठिपका होता, नुसत्या डोळ्याला दिसणारही नाही एवढा. त्यातली अणुकेंद्रकं आपसूक फुटत. फुटली की दोन जड तुकडे दोन दिशांना उडत, आणि क्वचित कधी त्यांच्या सोबतीने एखादा हलका कणही बाहेर पडे. समोर मांडलेल्या प्लास्टिकला या सगळ्यांचे घाव बसत. घाव दिसत नसत. सोड्यात ठेवले की ते खड्डे होऊन उघडत. जड तुकड्यांचे मोठे, हलक्या कणांचे बारीक. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, डॉक्टर बासुआल्दोंना, त्या बारक्यांचीच ओढ होती आणि या जून-जुलैच्या हिवाळ्यात ते भरपूर मिळाले म्हणून ते खुशीत होते. आता कोऱ्या तुकड्यावरही तेच बारीक खड्डे होते.

डॉक्टर आले, गळ्यातला मफलर न काढता सूक्ष्मदर्शकाशी बसले. बराच वेळ बसले.

“सोडा बदलला होता का?”

“नाही, डॉक्टर. जुन्याच बरणीतला. मार्चपासून साक्षीदारावर एखाददुसरा ठिपका दिसायचा, मी तो धुळीचा समजले.”

“म्हणजे एकतर हवेत काहीतरी आहे, नाहीतर चकतीवरचा ठिपका सुटून बाहेर आलाय.”

“माझ्याकडे बघून कशाला बोलताय?” नेस्तोर म्हणाला. “चकतीला मी हात लावतो तेव्हा दोन-दोन हातमोजे घालतो. बायकोला हात लावतानासुद्धा एवढी काळजी घेत नाही.”

“मी काही म्हटलं का?”

“म्हणायला कशाला पाहिजे.”

डॉक्टरांनी मफलर काढला. “मार्चपासूनचे तुकडे धरायचे की नाही, ते या उत्तरावर आहे,” ते म्हणाले. “चूक कुठली आहे ते कळलं तर निदान वजा करता येईल. नाही कळलं तर हिवाळा गेला.”

मग कोरे तुकडे सगळीकडे ठेवायचं ठरलं. टेबलावर, खिडकीत, सोड्याच्या भांड्याजवळ, पेटीखाली, आणि ताव ठेवायच्या पोलादी कपाटात. देल्मीराने कपाट उघडलं. वरच्या फळीवर ताव, मधल्यावर चिमटे आणि कात्री, आणि सगळ्यांत खाली निळ्या कापडात गुंडाळलेली लाकडी देव्हारी. दिवसभर मरियामाता तिथे असे.

देल्मीराच्या वस्तीत माता घरोघर जाते. एक रात्र एका घरी. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं मरण, कुणाचा मुलगा रुसून गेलेला असो, आपली पाळी आली की माता येते, रात्रभर राहते आणि सकाळी पुढे निघते. फेरीची जबाबदारी देल्मीराकडे होती. पूर्वी दिवसाचा मुक्काम चर्चशेजारच्या विधवा बेनितेसबाईंकडे असायचा. मार्चमध्ये त्या मुलाकडे रोसारिओला राहायला गेल्या. तेव्हापासून ज्या घरी रात्र झाली तिथली बाई कामाला जाता जाता बसथांब्यावर देव्हारी देल्मीराच्या हाती देई, आणि संध्याकाळी देल्मीरा ती पुढच्या घरी पोचवी. मधला दिवस कपाटात. तिथे सोड्याची वाफ लागत नसे आणि नेस्तोरची येर्बाही सांडत नसे.

तुकडे आठवडाभर राहिले. नेस्तोर पंपाशी शिट्टी वाजवायचा, तीही त्याने बंद केली.

तुकडे सोड्यात गेले की देल्मीरा नेहमी एक दशक म्हणत असे, दहा नमो मरिया, ओठ न हलवता.

“तुझ्या जपमाळेवर शिजतात का गं ते?” नेस्तोर नेहमी चिडवायचा.

“घड्याळावर शिजतात. जपमाळ माझ्यासाठी आहे.”

त्या दिवशी त्याने चिडवलं नाही.

खिडकीतला तुकडा कोरा निघाला. टेबलावरचा आणि सोड्याच्या भांड्याजवळचाही कोरा. पेटीखालचाही कोरा, म्हणजे नेस्तोरच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि त्याने तिथल्या तिथे एक शिवी हासडून त्याबद्दल देल्मीराची माफी मागितली. कपाटातल्या तुकड्यावर मात्र खसखस पेरल्यासारखे खड्डे होते.

“कपाट!” डॉक्टर म्हणाले. “जुना पत्रा, कुठल्या भंगारातला कोण जाणे. नाहीतर रंग असेल. उद्या बाहेर काढा ते.”

“मी सांगतच होतो,” नेस्तोर म्हणाला. त्याने असं काहीच सांगितलेलं नव्हतं.

देल्मीरा मात्र कपाटाकडेच बघत होती. कपाट इसोलिनाच्या वेळचं होतं. इसोलिनाच्या वेळी साक्षीदार गप्प होते. मागच्या वर्षीही गप्प होते.

संध्याकाळी देव्हारी बाहेर काढताना तिने एक कोरा तुकडा चिमट्याने उचलला आणि मातेच्या पायाशी ठेवला. त्या रात्री माता सोराइदेच्या घरी होती, पायाशी तुकडा घेऊन. सकाळी देल्मीराने तो परत काढला आणि डॉक्टर यायच्या आधी सोड्यात टाकला.

एकही जागा मोकळी नव्हती. खड्ड्यावर खड्डा. इतकी दाटी तिने आयुष्यात पाहिली नव्हती, चकतीच्या अगदी जवळ धरलेल्या तुकड्यावरसुद्धा नाही.

तेव्हा तिला आईचं बोलणं आठवलं. वस्तीत आम्लेतो म्हणून एक घड्याळजी होता. देल्मीरा तान्ही असताना त्याने मातेच्या झग्याची किनार आणि मुकुटाचे तारे घड्याळाच्या तबकड्यांना लावायच्या रंगाने रंगवून दिले होते. आजारी माणसाला अंधारात माता दिसावी म्हणून. पैसे घेतले नव्हते. आई म्हणायची, पहिली काही वर्षं मुकुट काजव्यांसारखा दिसायचा, आणि मग हळूहळू विझत गेला. देल्मीराला कळायला लागलं तेव्हा तो साधा पिवळट रंग होता. उजेड गेला म्हणजे रंगातलं बळही गेलं, असंच सगळे समजत आले होते. तीही. आणि तिची तर नोकरीच न दिसणाऱ्या गोष्टी पाहण्याची होती.

ती स्टुलावर बसून राहिली.

देव्हारी उद्यापासून इथे आणली नाही, तर प्रश्न मिटत होता. दिवसाच्या मुक्कामासाठी दुसरं घर बघता आलं असतं. कुणीही आनंदाने हो म्हटलं असतं. साक्षीदार गप्प झाले असते. कपाटाला दोष देऊन झालाच होता. डॉक्टरांनी त्यांची वजाबाकी केली असती, आणि माता ज्या घरी जायची त्या घरी जात राहिली असती. कुणाला काही विचारायचं कारणच उरलं नसतं.

तिने एक दशक म्हटलं. उत्तर आलं नाही. उत्तर तिला कधी येत नसे आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. डोळे उघडले तेव्हा समोर देव्हारी होती, दारं उघडी. झग्याच्या किनारीवर समोरच्या बाजूला रंग उरलाच नव्हता. मागे होता, बाजूंना होता, पण समोर, जिथे लोक ओठ टेकवतात, तिथे नुसतं पांढरं प्लास्टर दिसत होतं. इतक्या वर्षांत ओठांनीच तो नेला होता. लहान पोरांना उचलून धरतात, ती ओल्या तोंडाने मुके घेतात. वस्तीतल्या म्हाताऱ्या दोन्या एर्मिंदा तर तिला उशीवर घेऊन निजायच्या.

देल्मीराने दारं लावली, देव्हारी उचलली आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार वाजवलं.

“कपाट फेकू नका, डॉक्टर.”

तिने सांगितलं. थोडक्यातच सांगितलं. डॉक्टर बासुआल्दो देवाला मानत नसत, पण देव्हारीला त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर जागा करून दिली. मग किरणोत्सार मोजायचं यंत्र आणलं. मुकुटाजवळ नेताच त्याने तडतड लावली, लाह्या फुटाव्यात तशी. डॉक्टरांनी ते लगेच बंद केलं.

“रेडियम,” ते म्हणाले. “उजेड देणारी भुकटी काही वर्षांत मरते, देल्मीरा. रेडियम मरत नाही. आपल्या नातवंडांच्या नातवंडांनंतरही असंच राहील. आणि त्यातून एक वायू सुटत राहतो, बंद कपाटात तो कोंडतो. तुमच्या तावांवर त्याचेच घाव आहेत.”

“खरवडून काढला तर?”

“धूळ उडेल. ती पोटात गेली तर सगळ्यांत वाईट.”

“काचेत घालून? लांबून दिसेल अशी. ओठ लावायचे नाहीत.”

तिला नाही म्हणायला डॉक्टरांना जड जात होतं हे दिसत होतं. “काच कधीतरी फुटते,” ते म्हणाले. “आणि फुटली की ती उचलायला कुणीतरी बाईच धावेल. नाही. वस्तीत परत नाही पाठवता येणार. मला ती ठेवून घ्यावी लागेल.”

“कुठे ठेवाल?”

“तळघरात. शिशाच्या विटांमागे, बाकीच्यांबरोबर.”

“अंधारात.”

“हो.”

“त्याच्यासाठीच रंगवली होती ना तिला,” देल्मीरा म्हणाली. मग विचारलं, “लोकांना काही झालं असेल का, डॉक्टर?”

“एका घरी महिन्या-दीड महिन्यातून एक रात्र. त्यानेच काही झालं, असं मी म्हणणार नाही. नाहीच झालं, असंही मला म्हणता येत नाही. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. तुम्ही एकट्याने झेलू नका.”

देव्हारी नेस्तोरने खाली नेली. हातमोजे घातले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली. जिन्यावर तो मिरवणुकीत चालतात तसा एकेक पायरी उतरत होता. विटांमागच्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावावी लागे. डॉक्टर म्हणाले, “लिहा, रंगवलेली मूर्ती, रेडियम.” नेस्तोरने लिहिलं आणि त्याच्याखाली स्वतःच्या मनाने आणखी एक ओळ लिहिली: माता आहे, उलटी ठेवू नये.

रविवारी रोझरीच्या प्रार्थनेनंतर देल्मीराने चर्चच्या ओसरीत बायकांना सांगितलं. तिचा आवाज मुळातच बारीक. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्यापेक्षा वाईट वाटलं.

“म्हणजे अणूवाल्यांनी आमची माउली पळवली!” सोराइदे म्हणाली.

“पळवली नाही. मी दिली.”

“तुला कुणी अधिकार दिला गं?”

“कुणी नाही.”

“माझ्या सासूने मरताना तिचा मुका घेतला होता. चाळीस वर्षं कुणाला काही झालं नाही, आणि आता तुझं ते यंत्र म्हणतं म्हणून—”

“कुणाला काही झालं नाही?” मागून एक म्हातारी म्हणाली. “आम्लेतो कशाने गेला, विसरलीस? जबडा सडून गेला. ब्रश ओठात धरून टोक करायचा तो. माझ्या डोळ्यांसमोर करायचा.”

एकीने शेजारी उभ्या असलेल्या आपल्या नातवाचं तोंड रुमालाने पुसलं. उगाचच, आणि पुन्हा पुन्हा.

फादर म्हणाले नवी मूर्ती मागवू, प्लास्टरचीच, चांगली. पण ती यायला, तिला पवित्र करायला महिना तरी लागेल. बायका दोघी-दोघी करून निघून गेल्या. देल्मीराला कुणी थांबून काही म्हटलं नाही. सोराइदे जाताना वळून एवढंच म्हणाली, “गुरुवारी एर्मिंदाची पाळी आहे. तिला तू सांग. मी नाही सांगणार.”

दोन्या एर्मिंदांच्या छातीत पाणी होत होतं. दवाखान्याने घरी पाठवलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. पलंग स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला आणून टाकला होता. मुलगी लुक्रेसिया दारातच उभी राहिली.

“सोराइदे सांगून गेली मला. आईला सांगू नका.”

“विचारतील त्या.”

“तर सांगा सर्दी झालीय मातेला.” लुक्रेसियाचे डोळे लाल होते. “तिला हे त्याच्यामुळे झालं का? खरं सांगा. तिच्या छातीत जे आहे ते?”

“डॉक्टर म्हणतात तसं म्हणता येत नाही. तसं नाही, असंही म्हणता येत नाही.”

“मग काय उपयोग तुमच्या डॉक्टरांचा?”

“कोण आहे गं?” आतून आवाज आला. “देल्मीरा का? दारात काय कुजबुजताय, मी अजून मेले नाही. आत ये.”

देल्मीरा पलंगाशी बसली. आणि तिने सगळं सांगितलं. रंग, तुकडे, तळघर. एर्मिंदा ऐकत होत्या. श्वास घेताना त्यांच्या छातीत किटलीसारखा आवाज येत होता.

“मला आठवतो तो उजेड,” त्या म्हणाल्या. “माझं लग्न झालं त्या वर्षी होता. हिरवा. नवरा म्हणायचा, झाकून ठेव तिला, मला लाज वाटते.” त्या हसल्या आणि हसताना खोकल्या. लुक्रेसियाने त्यांना उठवून धरलं. खोकला थांबल्यावर त्यांनी मुलीचा हात बाजूला केला. “विषारी होती म्हणतेस.”

“रंग विषारी होता. ती नाही.”

“ते मला नको शिकवू. मला एवढंच सांग, गुरुवारी कोण येणार?”

“नवी मूर्ती यायला महिना—”

“महिना माझ्याकडे नाहीये, पोरी.”

चुलीवर कसलंतरी सूप उकळत होतं. लुक्रेसिया तिकडे तोंड करून उभी होती.

“माझी पाळी आहे,” एर्मिंदा म्हणाल्या. “माझ्या पाळीला ती कधी चुकली नाही. पूर आला होता तेव्हासुद्धा बेनितेसबाईने डोक्यावर घेऊन आणली होती. मला रात्रीची भीती वाटते, देल्मीरा. दिवसा नाही वाटत. दिवसा ही ओरडत असते माझ्यावर, बरं वाटतं.”

देल्मीराने त्यांचा हात धरला. “मी येईन.”

“तू? तू काय माउली आहेस?”

“नाही.”

“मग?”

“तिची रात्र मी बसेन. सकाळपर्यंत.”

एर्मिंदांनी तिला नीट न्याहाळलं. “तू घोरत तर नाहीस ना?”

“झोपणारच नाही तर घोरेन कशाला?”

“ती कधी झोपली नाही,” एर्मिंदा म्हणाल्या. “बघ हं. कबूल करतेयस.”

“कबूल.”

गुरुवारी साक्षीदार गप्प होता. डॉक्टर स्वतः येऊन पाहून गेले. म्हणाले, मार्चपासूनचे तुकडे पूर्ण वाया नाहीत, वजाबाकी जमेल असं वाटतं. आणि मग आणखी काही म्हणायचं असल्यासारखे घुटमळले आणि गेले. नेस्तोरने न विचारता येर्बाचा भोपळा तिच्यासमोर धरला. तिने तीन घोट घेतले.

घरी आल्यावर तिने हात धुतले, सोड्याचा बुळबुळीतपणा जावा म्हणून लिंबाने, मग साबणाने. केस विंचरले. एर्मिंदांकडची खुर्ची लाकडी होती आणि पहाटे चूल विझते, म्हणून लोकरीची शाल घेतली. आणखी काही घ्यायचं राहिलंय असं वाटत राहिलं. तिने सवयीने दाराजवळच्या छोट्या मेजाकडे पाहिलं; पुढच्या घरी नेण्याआधी देव्हारी ती तिथे टेकवत असे. त्यावर काही नव्हतं. शाल खांद्यावर नीट करून तिने दार ओढून घेतलं.

उजेड उतरत आला होता. देव्हारी घेऊन जाताना गल्ली आपोआप थांबत असे. बायका झाडू टेकवून उभ्या राहत, पोरं खेळ सोडून भिंतीला चिकटत. आज कुणी थांबलं नाही. एका सायकलवाल्याने घंटी वाजवून तिला बाजूला व्हायला लावलं. पुढे पोरांचा चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला. तिने तो बुटाच्या टोकाने परत त्यांच्याकडे ढकलला, रस्ता ओलांडला आणि एर्मिंदांच्या घराच्या दिशेने चालू लागली.